व्हँकुव्हरची वखार आणि तिथल्या बायका

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी कोणीतरी प्रवासाची हकीकत लिहिते. या खेपेस माझी पाळी आली आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे मोठी विद्वत्ता माझ्याजवळ नाही. पण जे डोळ्यांनी पाहिले आणि विचारून विचारून समजून घेतले, ते आपल्या घरगुती भाषेत सांगते. अमेरिकेतल्या उंच इमारती आणि दुकाने यांची वर्णने तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. मी सांगणार आहे ती एका लाकडी कोटाची आणि त्यात नांदलेल्या बायकांची गोष्ट.

धाकट्या जावेच्या बाळंतपणासाठी मी ऑरेगन राज्यातल्या बीव्हरटन गावी काही महिने होते. बीव्हर हा पाण्याकाठी राहणारा प्राणी. दातांनी झाडे कुरतडून पाडतो आणि ओढ्याला बांध घालून आपले घर करतो. त्याच्याच नावाचे हे गाव. तिथून मोटारीने उत्तरेला गेले आणि कोलंबिया नदी ओलांडली की वॉशिंग्टन राज्यातले व्हँकुव्हर शहर लागते. कॅनडातले प्रसिद्ध व्हँकुव्हर ते निराळे. या शहरात नदीकाठच्या मैदानावर फोर्ट व्हँकुव्हर आहे. एका रविवारी भाऊजींनी आम्हांला तिकडे नेले.

किल्ला म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आपले बुरूज आणि तट आले. इथे तसे काही नाही. पुरुष-दीड पुरुषाहून उंच लाकडी खांब एकाला एक लावून चौफेर कुंपण केले आहे. आत मोकळे आवार आणि सुट्या सुट्या इमारती : लोहारशाळा, भट्टीघर, कातड्यांचे कोठार, मालाच्या अदलाबदलीचे दुकान, आणि मधोमध पडवीचे पांढरे मोठे घर. भाऊजी म्हणाले, “वहिनी, हा लढायचा किल्ला नव्हे. ही वखार.” वखार म्हटल्यावर मला चटकन उलगडा झाला. सुरतेची वखार, राजापूरची वखार आपण इतिहासात शिकलो आहोत. तीच ही जात.

आणि नाते नुसते शब्दाचे नाही. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न ठरताना आंदण म्हणून मुंबई मिळाली. १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. याच राजाने १६७० साली हडसन्स बे कंपनीला सनद देऊन उत्तर अमेरिकेतला अफाट मुलूख व्यापारासाठी लिहून दिला. त्याच साली शिवाजीमहाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली. म्हणजे एकाच राजाच्या सहीशिक्क्याने एक कंपनी आपल्या किनाऱ्यावर पाय रोवत होती आणि दुसरी तिकडे बर्फाच्या मुलखात. जिथल्या माणसांची जमीन होती, त्यांना कोणी विचारले नव्हते.

तिकडे मसाले नव्हते, सुती कापड नव्हते. तिथले धन म्हणजे बीव्हरचे कातडे. त्याच्या राठ केसांखाली मऊ दाट लव असते. ती काढून, पाऱ्याचे औषध लावून, दाबून नमदा करीत आणि त्याच्या टोप्या युरोपातले श्रीमंत लोक घालीत. त्या पाऱ्याच्या वाफांनी टोप्या करणाऱ्या कारागिरांचे हात थरथरत आणि डोकी बिघडत. तिकडच्या मूळ रहिवाशांनी कातडी आणावी आणि बदल्यात घोंगड्या, भांडी, कुऱ्हाडी, मणी न्यावेत, असा व्यवहार चाले. भाव मोजायचा तो रुपयाआण्यांत नव्हे, बीव्हरच्या कातड्यांत.

फोर्ट व्हँकुव्हर १८२५ साली उघडला आणि १८२९ साली आजच्या जागी आला. मुख्य वखारवाला डॉक्टर जॉन मॅकलॉफलिन हा उंचापुरा, पांढऱ्या केसांचा गृहस्थ. त्याच्या हाताखाली स्कॉटलंडचे, फ्रेंच कॅनडाचे, फार काय दूरच्या हवाई बेटांवरचेही लोक चाकरीला होते. कोटाबाहेर त्यांची वस्ती होती. इतक्या भाषांचे लोक एकमेकांशी चिनूक नावाच्या मिश्र बोलीत बोलत.

आता मुद्द्याची गोष्ट सांगते. कंपनीने माणसे आणली, पण त्यांच्या बायका आणल्या नाहीत. मग या माणसांनी तिथल्याच क्री, चिनूक वगैरे लोकांच्या मुलींशी, त्या त्या जमातीच्या रीतीप्रमाणे लग्ने केली. मुलीच्या वडिलांना भेटी द्यायच्या, त्यांची संमती घ्यायची आणि संसार मांडायचा. या बायका कातडी खरवडून साफ करीत, हरणाच्या कातड्याचे जोडे शिवत, बर्फात चालायच्या जाळीच्या चपला विणत, मासे सुकवून ठेवीत. माहेरच्या लोकांशी बोलणी करायची झाली तर दुभाष्याचे कामही त्याच करीत. माहेरची सोयरीक होती म्हणून कातडी येत होती. थोडक्यात, कंपनीचा व्यापार त्यांच्या हातांवर उभा होता. पण मोठ्या घराच्या जेवणघरात अधिकारी पुरुष पंगतीला बसत, आणि बायकामुले वेगळी जेवत.

मॅकलॉफलिनची बायको मार्गरेट. तिचे वडील स्विस व्यापारी आणि आई मूळच्या रहिवाशांपैकी. तिचा पहिला नवरा अलेक्झांडर मॅके हाही कातड्यांच्या व्यापारातलाच. तो तिला सोडून गेला आणि १८११ साली समुद्रकिनारी एका जहाजावर मारला गेला. पुढे ती मॅकलॉफलिनच्या घरात आली. १८३६ साली लंडनहून एक पाद्री आला. योगायोग पाहा, त्याचे आडनावही बीव्हर! चर्चमध्ये विधी झाला नाही म्हणून इथल्या बायका लग्नाच्या नव्हेत, असे त्याचे म्हणणे. त्याने मार्गरेटविषयी वाईट शब्द लिहून लंडनला पाठवायला घेतले. ते वाचून १८३८ साली मॅकलॉफलिनने भर आवारात त्या पाद्र्याला काठीने बडवले. मारणे योग्य म्हणत नाही. पण इतक्या वर्षांच्या संसाराला कोणी नावे ठेवली तर माणसाचे रक्त तापते हे आपल्याला कळते. १८४२ साली या दोघांनी कॅथलिक पाद्र्याकडून पुन्हा विधी करून घेतला. तोवर मार्गरेटची नातवंडे झाली होती.

सगळ्याच बायकांचे नशीब असे नव्हते. कंपनीचा एक अधिकारी विल्यम कॉनली याने १८०३ साली क्री जमातीच्या सुझान नावाच्या मुलीशी तिच्या रीतीने लग्न केले. सुमारे २८ वर्षे संसार झाला, सहा मुले झाली. मग तो तिला घेऊन पूर्वेकडे परत आला आणि १८३२ साली मॉन्ट्रियलमध्ये आपल्या नात्यातल्या गोऱ्या मुलीशी चर्चमध्ये लग्न करून मोकळा झाला. सुझान शेवटी दूर रेड रिव्हरच्या मठात राहिली आणि १८६२ साली वारली. पुढे तिच्या थोरल्या मुलाने बापाच्या मिळकतीत हिस्सा मागण्यासाठी दावा लावला. प्रश्न एकच : आई लग्नाची होती की नव्हती? १८६७ साली न्यायाधीश मंक यांनी निकाल दिला की क्री रीतीने झालेले ते लग्न खरेच लग्न होते. कंपनीला सनद मिळाली म्हणून तिथल्या लोकांचे रीतिरिवाज रद्द होत नाहीत. १८६९ साली वरच्या कोर्टातही हाच निकाल राहिला. पुढच्या दाव्यांत सगळ्याच न्यायाधीशांनी असे मानले नाही, आणि सुझानला तर निकाल ऐकायलाही मिळाला नाही.

याच सुझानची मुलगी अमेलिया. तिने फोर्ट व्हँकुव्हरमध्ये संसार केला. तिचे यजमान जेम्स डग्लस पुढे ब्रिटिश कोलंबियाचे गव्हर्नर झाले. आपल्या आईचे काय झाले ते अमेलियाला ठाऊक होते. १८३७ साली या दोघांनी त्याच पाद्री बीव्हरकडून चर्चचा विधी करून घेतला. डग्लस यांना १८६३ साली ‘सर’ किताब मिळाला आणि एका क्री बाईची लेक लेडी डग्लस झाली.

वखारीचे पुढे काय झाले? १८३० पासून नदीकाठी तापाची साथ आली. तो हिवतापच असावा असे मानतात. त्यात काठाकाठाची बहुतेक मूळ वस्ती मरून गेली. बीव्हर इतके मारले की ओढे ओस पडले, आणि तिकडे टोप्यांची आवड बदलून रेशमी टोप्या आल्या. १८४६ च्या तहाने हा मुलूख अमेरिकेकडे गेला, १८६० साली कंपनी निघून गेली आणि १८६६ साली उरलासुरला कोट जळाला. १९४७ साली खणायला सुरुवात झाली तेव्हा मातीत खांबांची बुडखे सापडली, निळ्या नक्षीच्या बशांचे ढीगभर तुकडे सापडले. त्या खुणांवरून १९६६ पासून पुन्हा कोट बांधला गेला. हडसन्स बे कंपनीची शेवटची दुकाने २०२५ साली बंद झाली. साडेतीनशे वर्षांची कंपनी गेली. बशांचे तुकडे मात्र राहिले.

मागच्या बाजूच्या स्वयंपाकघरात मी बराच वेळ उभी राहिले. चूल, पितळी भांडी, टांगलेले डाव. जाऊबाई म्हणाल्या, “काय पाहताय एवढे?” मी पाहत होते ते एवढेच, की इथे राबलेल्या बहुतेक बायकांची नावे कुठे नाहीत. कोर्टाच्या कागदात सुझानचे आडनाव फ्रेंचमध्ये लिहिले आहे, त्याचा अर्थ ‘नाव नसलेली’! वास्तविक तिला क्री नाव होते, मियो निपिय, म्हणजे सुंदर पान. लिहून घेणाऱ्याने विचारले नाही, इतकेच.

भगिनींनो, आपल्याकडेही तांदळात नाव लिहून सुनेचे नाव बदलतात, आणि आपल्या मंडळाच्या जुन्या वहीत निम्म्या सभासदांची नोंद ‘सौ. अमुक काकू’, ‘तमुक वहिनी’ अशीच आहे. त्यांतल्या कितीजणी आज हयात नाहीत. माझी कार्यकारिणीला विनंती आहे की या वर्षी ती वही नव्याने लिहावी, आणि प्रत्येकीचे माहेरचे नाव, सासरचे नाव आणि तिने मंडळात केलेले काम असे तिघे एका ओळीत यावे. ज्या गेल्या, त्यांच्या लेकीसुनांना विचारावे. लिहायचे काम मी आनंदाने करीन. माझे अक्षर बरे आहे.