पावत्यांमधले अठरा महिने

आजोबा बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघत नसत, ओठांकडे बघत. लहानपणी मला ते विचित्र वाटायचं. पुढे आजीने सांगितलं, साचेखात्यात काम केलेल्या माणसांना ती सवयच लागते. शेकडो साचे एकदम चालू असतात, धोटे इकडून तिकडे आपटत असतात. त्या खडखडाटात शेजारच्याचा आवाज येत नाही, म्हणून ओठ वाचायचे. पंचवीसेक वर्षांत आजोबांचे कान गेले, ओठ वाचणं तेवढं राहिलं.

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावातून ते 1955च्या सुमारास मुंबईला आले. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. विजयदुर्गला बोट धरायची आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. लालबागच्या एका चाळीत गावच्या मंडळाची खोली होती. पंचवीस माणसांची एक खोली म्हटलं की आज आपल्याला धडकी भरते. पण गिरणी तीन पाळ्यांत चाले, त्यामुळे खोलीतली झोपही पाळ्यांत चाले. प्रत्येकाच्या वाट्याला भिंतीवरची एक खुंटी आणि एक पत्र्याची ट्रंक. जेवण खानावळीत. बायकामुलं गावी. पहिली काही वर्षं आजोबा बदली कामगार होते. म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असेल तरच आत जायचं.

18 जानेवारी 1982ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्या पगारवाढीच्या होत्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्या. आणखी एक मागणी होती, आपला नेता आपण निवडण्याची. 1946च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मान्यता एकाच संघटनेला होती, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार एकाच्या मागे आणि कायदा दुसऱ्याच्या, त्यामुळे बोलणी अडली ती अडलीच. हा संप अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही.

आमच्या घरात ही गोष्ट दर गणपतीत निघायची. काका सांगायचे, "बाबांनी संप सुरू झाल्यावर गिरणीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. वॉचमनची नोकरी केली, पण मान खाली घातली नाही." आम्ही नातवंडं ते ऐकत मोठी झालो. मी शाळेत त्यावर निबंधही लिहिला होता.

आजोबा 2009मध्ये गेले. 2023मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांसाठी कागदपत्रांची तपासणी सुरू केली, आणि फोनवरून कागद अपलोड करण्याचं काम घरातली शिकलेली पोर म्हणून माझ्याकडे आलं. अट अशी की कामगार 1 जानेवारी 1982ला किंवा त्यानंतर गिरणीच्या नोकरीत असला पाहिजे. पुरावा म्हणून तिकीट क्रमांक, लाल पास, हजेरीपत्र, पगाराची पावती, ईएसआयचा किंवा पीएफचा क्रमांक, असं काहीही चालणार होतं. मी गावी जाऊन माळ्यावरची ट्रंक काढली.

आजोबांनी पावत्या सुतळीने बांधून महिन्यांच्या क्रमाने ठेवल्या होत्या. जानेवारी 1982ची पावती अर्ध्या महिन्याची. मला हवा होता तो कागद तोच, काम झालं होतं. पण तिच्याखाली आणखी पावत्या होत्या. पुढची पावती होती ऑगस्ट 1983ची. त्याच गिरणीची, त्याच तिकीट क्रमांकाची.

मध्ये अठरा महिने काही नाही.

मी ती पावती आजीसमोर धरली. तिला वाचता येत नाही, पण कागद तिने ओळखला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोरांक खावक व्हया ना गो?"

त्या अठरा महिन्यांत आधी गावातून तांदूळ गेला होता, मग आजीची पाटली, मग गोठ्यातली गाय. धाकट्या आत्याला कावीळ झाली तेव्हा औषधाला पैसे नव्हते. आजोबा कामावर गेले त्या दिवशी खोलीतल्या माणसांनी त्यांची ट्रंक गॅलरीत आणून ठेवली. कुणी शिवी दिली नाही. फक्त ट्रंक बाहेर. नंतर त्यांतलेच काही जण गेटवर गेले, पण तोवर गिरणीला इतकी माणसं नको होती. गिरणी बंद पडल्यावर आजोबा वॉचमन झाले, हे खरंच होतं. काका संपाच्या वेळी नऊ वर्षांचे, गावी होते. मधली वर्षं त्यांना कुणी सांगितलीच नाहीत.

संपाबद्दल वाचताना दोनच माणसं भेटतात, शेवटपर्यंत लढलेला आणि संप फोडणारा. आजोबा दोन्ही होते. अठरा महिने ज्याने पदरचं सगळं घातलं, त्याला संपफोड्या कसं म्हणायचं? आणि ज्यांना पुन्हा कधीच कामावर घेतलं नाही, त्या हजारोंसमोर त्याला शूर तरी कसं म्हणायचं? ज्या खोलीने त्यांना मुंबईत पाय ठेवायला जागा दिली, तिच्याशी ते बेइमान झाले होते, आणि ते त्यांना कळत होतं. पावती त्यांनी फाडली नाही, हेच मला त्यांचं उत्तर वाटतं.

काका म्हणाले, "जानेवारीचीच टाक. दुसरीची गरज नाही." नियमाने ते बरोबर होतं. मी जानेवारीची अपलोड केली. ऑगस्टची पावती मात्र काकांच्या हातात दिली आणि आजीने सांगितलेलं सगळं सांगितलं. ते उठून अंगणात गेले.

तेव्हा मला आठवलं, गणपतीत काका संपाची गोष्ट सुरू करायचे, तेव्हा आजोबाही असेच उठून अंगणात जायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना ऐकू येत नाही म्हणून कंटाळले असतील. पण ते ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसलेले असायचे आणि काकांचा चेहरा त्यांच्या बरोबर समोर असायचा.