पदके व गणवेशचिन्हांची ओळख

पदके व गणवेशचिन्हांची ओळख म्हणजे लष्करी किंवा पोलीस सेवेतील पदक, रिबन, बिल्ला वा गणवेशाचा भाग पाहून तो कोणत्या काळातील, कोणत्या दलाचा आणि शक्य असल्यास कोणत्या व्यक्तीचा आहे हे ठरवण्याची अभ्यासपद्धती होय. पदकांच्या अभ्यासाला पदकशास्त्र म्हणतात. ते नाणकशास्त्राच्या जवळचे मानले जाते. महाराष्ट्रात या विषयाचे दोन मुख्य प्रवाह दिसतात. पहिला, दोन महायुद्धांत लढलेल्या मराठी सैनिकांची ब्रिटिशकालीन पदके; दुसरा, स्वातंत्र्योत्तर काळातील लष्करी व पोलीस शौर्यपदके. दुसऱ्या प्रवाहात गडचिरोली जिल्ह्याला विशेष स्थान आहे, कारण नक्षलविरोधी मोहिमांमुळे येथील पोलिसांना शौर्यपदके सातत्याने जाहीर होत आली आहेत.

ओळखीची मूलतत्त्वे

पदकाची ओळख साधारणतः पाच गोष्टींवरून केली जाते : धातू, आकार व व्यास, दर्शनी व मागील बाजूवरील चित्र-अक्षरे, रिबनचे रंग आणि कडेवर कोरलेला मजकूर. यांपैकी कडेवरील मजकूर सर्वांत महत्त्वाचा असतो. पदकाचा प्रकार चित्रावरून कळतो. मात्र ते कोणाला मिळाले हे बहुधा कडेवरूनच कळते. रिबन जीर्ण झाल्यावर बदलली जाते किंवा चुकीची लावली जाते, त्यामुळे केवळ रिबनवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. एकाच व्यक्तीची अनेक पदके एकत्र असल्यास त्यांचा क्रमही तपासतात. पदके छातीच्या डाव्या बाजूस लावली जातात आणि सर्वांत वरच्या दर्जाचे पदक छातीच्या मध्याकडे असते.

पहिल्या महायुद्धातील पदके

पहिल्या महायुद्धात १०३, १०५, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या आघाडीवर लढल्या. १९१५-१६ मधील कुत-अल-अमाराच्या वेढ्यात यांपैकी १०३, ११० व ११७ या पलटणी अडकल्या होत्या. या काळातील सैनिकांच्या घरी प्रामुख्याने तीन पदके आढळतात.

१९१४-१५ स्टार हा कांस्याचा तारा असून नाव त्याच्या सपाट मागील बाजूवर असते. ब्रिटिश वॉर मेडल हे चांदीचे गोल पदक असून रिबनच्या मध्यभागी नारिंगी पट्टा व दोन्ही बाजूंस पांढऱ्या, काळ्या व निळ्या रेषा असतात. व्हिक्टरी मेडल कांस्याचे असून त्यावर पंख असलेली विजयदेवता आणि इंद्रधनुष्यी रंगांची रिबन असते. नंतरच्या दोन्ही पदकांवर नाव कडेवर असते. ब्रिटिश वॉर मेडलची कांस्य आवृत्तीही निघाली होती. ती मजूर तुकड्यांतील व बिनलढाऊ सेवेतील लोकांना देण्यात आली. त्यामुळे कांस्याचे पदक दिसताच ते बनावट मानणे चूक ठरते.

नावाच्या मजकुरात सेवा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण असा क्रम असतो. मराठी नावे इंग्रजी लिपीत कारकुनाच्या कानाला जशी वाटली तशी लिहिली गेली. एकच आडनाव दोन-तीन प्रकारे लिहिलेले आढळते. एका पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत. म्हणून सेवा क्रमांक जुळल्याखेरीज पदक अमुक एका पूर्वजाचे आहे असे म्हणता येत नाही.

पलटणींच्या नावांवरूनही कालनिश्चिती होते. १९२२ च्या पुनर्रचनेत जुने तीन अंकी क्रमांक जाऊन मराठा पलटणी ५व्या मराठा रेजिमेंटच्या बटालियन झाल्या. त्यामुळे तीन अंकी क्रमांक असलेला खांद्यावरील बिल्ला सामान्यतः १९२२ पूर्वीचा ठरतो.

दुसऱ्या महायुद्धातील पदके

या युद्धातील मोहीमपदके सहा टोकांच्या ताऱ्याच्या आकाराची असून मध्यभागी सहाव्या जॉर्ज राजाचे चिन्ह असते. सर्व ताऱ्यांची घडण सारखीच असल्याने ताऱ्यावरील मोहिमेचे नाव व रिबन यांवरून फरक कळतो. इटली स्टारच्या रिबनवर लाल, पांढरा व हिरवा हे इटलीच्या ध्वजाचे रंग आहेत. बर्मा स्टारच्या रिबनवर गडद निळ्या पार्श्वभूमीवर मध्ये लाल व बाजूंस नारिंगी पट्टे असतात.

इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजीच्या टायबर खोऱ्यातील कामगिरीसाठी तो मरणोत्तर देण्यात आला. शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी दाखवलेल्या शौर्यासाठी तो मिळाला. भारतीय सैनिक या सन्मानास १९११ पासून पात्र ठरले. त्यापूर्वी भारतीयांसाठी १८३७ मध्ये सुरू झालेली इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट हीच शौर्याची सर्वोच्च दाद होती.

जर्मन वस्तू

युरोप व आफ्रिकेच्या आघाड्यांवरून परतलेल्या सैनिकांनी शत्रूचे बिल्ले, पट्ट्यांची बकले व पदके आठवण म्हणून घरी आणण्याची प्रथा जगभर होती. यांतील सर्वपरिचित पदक म्हणजे आयर्न क्रॉस. ते १८१३ मध्ये प्रशियात सुरू झाले व पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ मध्ये पुन्हा जाहीर झाले. क्रॉसच्या खालच्या भुजेवरील वर्षावरून त्याचा काळ ठरतो. अस्सल क्रॉसचा गाभा सामान्यतः लोखंडी असून त्याभोवती चंदेरी चौकट बसवलेली असते; त्यामुळे तो चुंबकाला चिकटतो. पश्चिम जर्मनीने १९५७ च्या कायद्यान्वये नाझी चिन्ह काढलेल्या स्वरूपातच जुनी पदके वापरण्यास परवानगी दिली. म्हणून १९३९ चे वर्ष असूनही स्वस्तिकाऐवजी ओकची पाने असलेले पदक १९५७ नंतर घडवलेले असते.

भारताशी थेट संबंधित जर्मन गणवेशचिन्ह म्हणजे सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने जर्मनीत उभारलेल्या आझाद हिंद सेनादलाचे बाहुचिन्ह. या दलाचे सैनिक जर्मन लष्कराचाच गणवेश वापरत. मात्र बाहीवर केशरी, पांढऱ्या व हिरव्या पट्ट्यांवर झेप घेणारा वाघ आणि ‘फ्राइस इंडिएन’ (स्वतंत्र भारत) ही अक्षरे असत. हे चिन्ह संग्राहकांत मागणीचे असल्याने त्याच्या नकला मोठ्या प्रमाणावर होतात. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातील जर्मन चिलखती वाहन पाहावयास मिळते.

स्वातंत्र्योत्तर लष्करी पदके

परमवीर चक्र, महावीर चक्र व वीर चक्र यांची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानण्यात आली. परमवीर चक्राचे संकल्पन सावित्रीबाई खानोलकर यांनी केले. त्या जन्माने युरोपीय असून विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी होत्या. या कांस्यपदकावर राजमुद्रेभोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती असून रिबन एकरंगी जांभळी आहे.

शांतताकाळातील शौर्यासाठीचे अशोक चक्र १९५२ मध्ये तीन श्रेणींत सुरू झाले. १९६७ मध्ये या श्रेणींना अशोक चक्र, कीर्ती चक्र व शौर्य चक्र अशी नावे मिळाली. तिन्हींच्या रिबनी हिरव्या असून त्यांवर अनुक्रमे एक, दोन व तीन केशरी रेषा असतात. ‘अशोक चक्र, श्रेणी ३’ असा उल्लेख असलेला कागद त्यामुळे १९६७ पूर्वीचा समजावा. आज त्याच सन्मानाला शौर्य चक्र म्हणतात. हे सन्मान पोलिसांना व नागरिकांनाही मिळू शकतात.

गडचिरोली आणि पोलीस शौर्यपदके

ब्रिटिश काळात पोलिसांसाठी १९०९ मध्ये किंग्ज पोलीस मेडल व १९३२ मध्ये इंडियन पोलीस मेडल सुरू झाले. त्यांच्या जागी १ मार्च १९५१ रोजी राष्ट्रपतींचे पोलीस पदक व पोलीस पदक यांची स्थापना झाली. पहिले सोनेरी मुलामा दिलेल्या चांदीचे व दुसरे कांस्याचे असून दोहोंचा व्यास १ ३/८ इंच आहे. राष्ट्रपतींच्या पदकाची रिबन अर्धी निळी व अर्धी चंदेरी-पांढरी असते. शौर्यासाठी दिलेल्या पदकाच्या रिबनवर या दोन रंगांमध्ये एक लाल रेषा असते. ही एक रेषा नसेल, तर पदक शौर्याचे नसून विशिष्ट सेवेचे असते. पदकाच्या कडेवर मानकऱ्याचे नाव कोरलेले असते. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनापासून पोलीस, अग्निशमन आदी सेवांची पदके एकत्रित करण्यात आली व नावे ‘राष्ट्रपतींचे शौर्य पदक’ आणि ‘शौर्य पदक’ अशी झाली.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. त्यामुळे त्याआधीच्या सेवापुस्तकांत अहेरी, सिरोंचा किंवा गडचिरोलीच्या माणसाचा जिल्हा चंद्रपूर असा, तर १९६० च्या दशकापूर्वी ‘चांदा’ असा नोंदलेला असतो. ब्रिटिशकालीन नोंदींत प्रांत ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ असतो. जुन्या सैनिकाचा शोध मुंबई इलाख्याच्या कागदांत घेतल्यास तो हाती न लागण्याचे हे एक कारण आहे.

नक्षलविरोधी कारवायांसाठी १९९० मध्ये जिल्ह्यात सी-६० हे विशेष पथक उभारण्यात आले. प्रारंभी साठ जवान असल्याने त्यास हे नाव मिळाले. त्यात स्थानिक युवकांची भरती झाली. २००९ मध्ये मरकेगाव, हत्तीगोटा व लाहेरी येथे, तसेच १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथील भूसुरुंग स्फोटात पोलिसांची मोठी जीवितहानी झाली. अशा घटनांनंतर दिलेली मरणोत्तर पदके आज दुर्गम गावांतील घरांत आहेत. शौर्यपदके भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात व त्यासोबत कामगिरीचा वृत्तांत दिला जातो. पदक व वृत्तांत एकत्र राहिले नाहीत, तर पुढील पिढीच्या हाती केवळ धातूचा तुकडा उरतो. पदकासोबत राजपत्राची प्रत, छायाचित्र व सेवा क्रमांक ठेवणे म्हणूनच आवश्यक मानले जाते.

गणवेशचिन्हे

महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद असते. सहायक उपनिरीक्षकाच्या खांद्यावर एक, उपनिरीक्षकाच्या दोन व निरीक्षकाच्या तीन तारे असून टोकाला लाल-निळी पट्टी असते. उपअधीक्षकाचेही तीन तारे असतात, पण ही पट्टी नसते. जुन्या छायाचित्रांत या दोन हुद्द्यांची गल्लत वारंवार होते. खांद्यावरील ‘भा.पो.से.’ व ‘म.पो.से.’ या अक्षरांवरून अनुक्रमे भारतीय व महाराष्ट्र पोलीस सेवा ओळखली जाते.

लष्करात महार रेजिमेंटचा बिल्ला कालनिश्चितीचे चांगले उदाहरण आहे. १९४१ मध्ये उभारलेल्या या रेजिमेंटच्या चिन्हात सुरुवातीला कोरेगावचा विजयस्तंभ होता. पुढे त्याची जागा खंजिराने घेतली. भारतीय लष्कराचा नव्या नक्षीचा चट्टेरी लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ रोजी सादर झाला.

कायदेशीर बाबी

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार सामान्यतः शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते व तिची परवान्याविना निर्यात करता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार सैनिक असल्याचा समज निर्माण करण्याच्या हेतूने सैनिकी पोशाख घालणे, तर कलम २०५ नुसार कपटाने लोकसेवकाचा पोशाख घालणे गुन्हा आहे. संग्रह करणे व परिधान करणे यांत कायदा असा भेद करतो.

जतन

चिंच, लिंबू, राख किंवा पॉलिश लावून पदक उजळवल्यास कडेवरील अक्षरे झिजतात व ओळखीचा मुख्य पुरावा नष्ट होतो. चांदीच्या भावासाठी वितळवलेल्या पदकांबाबत तर हा पुरावा कायमचाच जातो. पदक मऊ कोरड्या कापडाने पुसून आम्लरहित कागदात गुंडाळावे. पूर्व विदर्भातील दमट पावसाळ्यात डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. लोकरी गणवेशाला कसर व कागदांना वाळवी लागते. त्यामुळे ते भिंतीपासून दूर ठेवून वर्षातून एकदा सावलीत वारा द्यावा. जुनी रिबन फाटली तरी टाकू नये. कडेवरील मजकुराचे छायाचित्र काढून ठेवल्यास वस्तू गहाळ झाली तरी नोंद टिकते.

हे सुद्धा पहा

मराठा लाइट इन्फंट्री
महार रेजिमेंट
परमवीर चक्र
सी-६०
गडचिरोली जिल्हा