मौलाना रूमींचा आनंदभाव आणि चित्रकला : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सूफी कवी मौलाना जलालुद्दीन रूमी (१२०७–१२७३) यांचा आनंदभाव रंगरेषांत कसा आणावा, हा प्रश्न त्यांच्या चरित्रपरंपरेइतकाच जुना आहे. अफ्लाकी याने १३१८ मध्ये लिहावयास घेतलेल्या ‘मनाकिबुल आरिफीन’ या फारसी चरित्रग्रंथात यासंबंधी एक आख्यायिका आढळते. कोन्याच्या राजघराण्यातील गुर्जी खातून हिला प्रवासात मौलानांचे चित्र सोबत हवे होते. ऐनुद्दौला हा ग्रीक वंशाचा चित्रकार ते काढू लागला. परंतु प्रत्येक रेखाटनात चेहरा निराळाच उतरे. वीस कागद झाल्यावर त्याने हात टेकले. खातूनने मात्र ते वीसही कागद पेटीत घालून बरोबर नेले.

अफ्लाकीने रूमींना पाहिलेले नव्हते आणि संतमाहात्म्य सांगणे हाच त्याचा हेतू होता. त्यामुळे ही घटना इतिहास म्हणून जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. तथापि हा आनंद एका स्थिर मुखाकृतीत मावत नाही, ही अनुयायांची धारणा तीतून स्पष्ट होते. त्याच ग्रंथातील दुसरी कथा चित्रकाराला अधिक उपयोगी पडावी अशी आहे. सराफबाजारातून जाताना सलाहुद्दीन जरकूबच्या दुकानातील हातोड्यांच्या ठेक्यावर रूमी नाचू लागले. सोने वाया गेले तरी चालेल, पण हातोडे थांबवू नका, असे सलाहुद्दीनने कारागिरांना बजावले. येथे आनंद चेहऱ्यात नसून ठेक्यात, देहाच्या गतीत आणि भोवतालच्या माणसांत आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस ऑटोमन अमलाखालील बगदादच्या चित्रकारांनी नेमकी हीच वाट धरली. अफ्लाकीच्या ग्रंथाच्या संक्षेपाचा तुर्की अनुवाद सुलतान मुराद तिसरा याच्या काळात झाला. त्याची एक सचित्र प्रत न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, तर १५९९ ची दुसरी इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहे. माणसांची दाटी आणि बोलके हावभाव ही या शैलीची ओळख होय. मात्र त्यांतील पागोटी, पोशाख व इमारती चित्रकारांच्या स्वतःच्या काळातील आहेत. ही चित्रे मेव्लेवी पंथाने जपलेल्या स्मृतीचा पुरावा ठरतात, तेराव्या शतकातील कोन्याचा नव्हे. लोकप्रिय पुस्तकांत ती रूमींची अस्सल चित्रे म्हणून सर्रास छापली जातात, हा कालविपर्यास अभ्यासकांनी तरी टाळावयास हवा.

पंथाच्या समा-विधीला आजचे काटेकोर रूप रूमींच्या पश्चात आले. १९२५ मध्ये तुर्कस्तानात दरवेशांचे मठ बंद झाले. पुढे हा विधी सार्वजनिक प्रयोग म्हणून परतला आणि त्याबरोबर पांढऱ्या घेराची गिरकी पर्यटनाच्या भित्तिपत्रकांवर स्थिरावली. या भित्तिपत्रकांत उल्लास दिसतो, पण वेशाचा अर्थ हरवतो. उंच नमदी टोपी म्हणजे थडग्याचा दगड, पांढरा घेर म्हणजे कफन आणि काळा झगा म्हणजे कबर. १७ डिसेंबर १२७३ या रूमींच्या मृत्युदिनाला पंथात ‘विवाहाची रात्र’ म्हणतात. आणि दरवेशाची गिरकी सुरू होते ती काळा झगा उतरविल्यावरच.