विष की निरोप्या?

तुमच्याही घरी मधुमेहाच्या गोळ्यांशेजारी एखादी ‘अँटिऑक्सिडंट’ची बाटली असेल. ऑक्सिजनपासून तयार होणाऱ्या उपद्रवी रेणूंचा ती बंदोबस्त करते, अशी आपली समजूत. पण हे रेणू नुसते उपद्रवीच आहेत का?

आधी आपल्या शेजारात डोकावू. लंडनमधल्या एका पाहणीचे आकडे १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ४० ते ६९ वयोगटातल्या दक्षिण आशियाई लोकांत मधुमेहाचं प्रमाण १९ टक्के होतं, युरोपीय वंशाच्या लोकांत ४ टक्के. या पाहणीचा पुढचा अभ्यास ‘साउथॉल अँड ब्रेंट रिव्हिजिटेड’ म्हणून ओळखला जातो. वेम्बली याच ब्रेंटमध्ये येतं. २००४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. चरबी जास्त असली की साधारणपणे इन्सुलिनही जास्त लागतं, आणि तो सगळा भार स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर पडतो.

या पेशी नाजूक आहेत, हे १९४३ साली ग्लासगोत अनपेक्षितपणे कळलं. डन, शीहन आणि मॅकलेची मूत्रपिंडाच्या इजेवर काम करत होते. सशांना अ‍ॅलोक्सन टोचल्यावर इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मेल्या. अ‍ॅलोक्सन त्या पेशींत शिरून ऑक्सिजनचे हे तिखट रेणू तयार करतं, हे पुढे उलगडलं. १९९६ साली लेन्झेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या रेणूंना निष्प्रभ करणारी विकरं उंदरांच्या बीटा पेशींच्या बेटांत फारच कमी असतात.

इतकी मोलाची पेशी, आणि पहारा इतका तोकडा? याचं एक उत्तर २००७ नंतरच्या संशोधनात सापडतं. रक्तातली साखर वाढली की बीटा पेशीत एटीपी वाढतं, पोटॅशियमची दारं बंद होतात, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं, एवढं माहीत होतं. पण त्याच वेळी थोडा हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतो, आणि अँटिऑक्सिडंट वाढवून तो पुसून टाकला तर इन्सुलिनचं स्रवणं मंदावतं, असं प्रयोगांत दिसलं. २०२० साली प्रागच्या संशोधकांनी तर एटीपी आणि पेरॉक्साइड दोन्ही लागतात, असं मांडलं. म्हणजे हा रेणू निरोप्या आहे. पहारा फार कडक असता, तर निरोप पोचलाच नसता!

मात्र साखर वर्षानुवर्षं चढलेलीच राहिली, तर निरोप्यांची झुंडशाही होते आणि तीच पेशी जायबंदी होते. एकच रेणू, फरक फक्त मात्रेचा आणि वेळेचा.

म्हणून बाटलीबद्दल दोनदा विचार करा. २००९ साली जर्मनीत तरुणांना चार आठवडे व्यायामासोबत रोज क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या. व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसाद सुधारतो. गोळ्या घेणाऱ्यांत तो फायदा दिसलाच नाही. भाज्या-फळं खुशाल खा, भरपूर चाला. डॉक्टरांनी दिलेली औषधं मात्र स्वतःहून थांबवू नका. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या लोकांना एनएचएसची मोफत आरोग्य तपासणी मिळते. बोलावणं आलं की टाळू नका, आणि आपल्या बारीक दिसणाऱ्या काकांनाही पाठवा.