बोटीच्या पोटातली जागा : सागरी वाहतुकीच्या इतिहासाची प्रस्तावना

समुद्राचा विषय निघाला की मराठी वाचकाच्या मनात शिवकाळातले आरमार, कान्होजी आंग्रे, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग उभे राहतात. त्यात वावगे काहीच नाही. मात्र आंग्र्यांच्या गुराबा-गलबतांवरून आपली नजर थेट न्हावा-शेव्याच्या उंच क्रेनांवर जाते आणि मधली दोन शतके कोरी राहतात. समुद्र ओलांडण्याची रीत मुळापासून पालटली ती याच काळात. त्या बदलात मुंबईची गोदी होती, रत्नागिरीचे खलाशी होते, गोव्याचे तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, होते. जगाच्या व्यापारातला 80 टक्क्यांहून अधिक माल आजही समुद्रमार्गेच जातो. म्हणून या विषयात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या वाचकांचे स्वागत करताना आपण आपल्याच घरातल्या एका बंद दालनाचे दार उघडत आहोत, असे मला वाटते.

वाचकांनी सुरुवात वेगाच्या विक्रमांपासून करू नये, अशी माझी विनंती आहे. अटलांटिक कोणी किती दिवसांत ओलांडला, कोणत्या बोटीचा दिवाणखाना किती शाही होता, या कथा रंजक आहेत आणि त्या पुढे आपोआप भेटतील. आधी एक साधा प्रश्न हाती धरावा : इंधन भरून झाल्यावर बोटीच्या पोटात माल आणि माणसे यांच्यासाठी किती जागा उरते? शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळत असे, त्यामुळे सगळे पोट मालाला मोकळे. पण पोहोचण्याच्या दिवसाची हमी नसे. वाफेने ती हमी दिली आणि मोबदल्यात जागा घेतली. पुढचा बराचसा इतिहास या देवघेवीतून उलगडतो.

मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट याचे उत्तम उदाहरण आहे. टपाल घेऊन ती 20 मार्च 1830 रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्यात कोळशाची सोय होती जेमतेम साडेपाच दिवसांची, आणि एडन गाठायला लागणार होते त्याच्या दुप्पट दिवस. म्हणून जिथे मोकळी जागा दिसेल तिथे कोळसा रचला गेला. एडनला पोहोचेपर्यंत तोही जवळजवळ संपला होता. पुढच्या प्रवासासाठीचा कोळसा वाटेतल्या बंदरांत आधीच पाठवून ठेवला होता. तो बोटीत चढवण्यात बरेच दिवस गेले. सुएझ गाठायला एकूण महिनाभर लागला. मार्ग शक्य आहे हे सिद्ध झाले, पण त्या बोटीने मालाची वाहतूक करणे परवडणारे नाही हेही त्याच वेळी कळले. 1839 मध्ये ब्रिटिशांनी एडन घेतले, त्यामागे कोळशाच्या साठ्यासाठी सोयीचे बंदर हे एक मोठे कारण होते. इंजिनाची भूक राज्याच्या सीमा कशी आखते, हे इथे स्पष्ट दिसते.

मुंबईच्या गोदीचा अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजे बांधली. 1817 मध्ये इथे पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. वाफेचे युग ओळखण्यातही हे घराणे मागे नव्हते. जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण नवे जहाजबांधणीशास्त्र शिकायला 1838 मध्ये इंग्लंडला गेले, आणि वाफेच्या यंत्रांचे जाणकार अर्देशीर करसेटजी 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. असे असूनही जहाजबांधणीची मध्यवर्ती जागा पुढे स्कॉटलंडच्या क्लाइड नदीकडे गेली, कारण लाकडाची जागा लोखंडाने घेतली. मलबारचा साग मुंबईच्या हाताशी होता. लोखंडाचे कारखाने आणि कोळशाच्या खाणी क्लाइडच्या हाताशी होत्या. या घटनेकडे कौशल्याचा पराभव म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल.

आता या विषयाच्या गाभ्याकडे या. खरे वळण एका न दिसणाऱ्या सुधारणेने आणले. पूर्वीच्या इंजिनात वाफ एकाच सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलून निघून जाई आणि तिच्यातला पुष्कळ जोर वाया जाई. संयुक्त इंजिनात जास्त दाबाची वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये काम करी आणि उरलेला जोर मोठ्या सिलिंडरमध्ये वापरला जाई. लिव्हरपूलचे जहाजमालक आल्फ्रेड होल्ट यांनी हे इंजिन दूरच्या व्यापारी मार्गावर आणले. त्यांची ‘अगामेम्नॉन’ 1866 मध्ये लिव्हरपूलहून निघाली ती सुमारे 8,500 मैल न थांबता थेट मॉरिशसला पोहोचली. कोळसा कमी लागल्याने पोटातली जागा सुटली, आणि आगबोटीने चहासारखा माल वाहणे व्यवहार्य झाले.

तीनच वर्षांनी, 17 नोव्हेंबर 1869 रोजी, सुएझ कालवा खुला झाला. आफ्रिकेला वळसा घालून लंडन ते मुंबई हे अंतर सुमारे 10,700 सागरी मैल होते. कालव्यातून ते 6,300 च्या आसपास आले. तांबड्या समुद्रातले वारे शिडांना प्रतिकूल, आणि कालव्यातून शिडाचे जहाज ओढून न्यावे लागे. त्यामुळे हा आखूड रस्ता मुख्यत्वे आगबोटींच्या वाट्याला आला. ‘कटी सार्क’ हे नामवंत शिडाचे जहाज कालवा उघडल्यावर पाचच दिवसांनी पाण्यात उतरले. पण म्हणून शिडे त्या दिवशी संपली असे समजू नका. आगबोटींसाठी दूरच्या बंदरांवर साठवलेला कोळसा तिथवर कित्येकदा शिडाची जहाजेच नेत. जुने तंत्र नव्याच्या चाकरीत दीर्घकाळ टिकते, हे या क्षेत्रात वारंवार दिसेल.

कोळसा भट्टीत टाकणारी माणसे या कथेत दुय्यम नाहीत. ब्रिटिश जहाजांवर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पन्नास हजारांच्या आसपास आशियाई खलाशी काम करत. त्यांतले बहुसंख्य भारतीय होते. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींच्या डेकवर अनेकदा कोकणातले खलाशी, त्यांच्यावर तांडेल आणि सारंग हे मुकादम. भट्टीखान्यात पंजाब आणि सरहद्दीकडचे आगवाले. खाणावळ आणि प्रवाशांची सेवा गोव्याच्या तारवट्यांकडे. गावोगावच्या गोवेकरांनी मुंबईत चालवलेले ‘कूड’ दोन सफरींच्या मधल्या मुक्कामासाठी होते. तांबड्या समुद्राच्या उन्हाळ्यात बॉयलरसमोर उभे राहणे काय असेल याची कल्पना करा, म्हणजे वेळापत्रकाची किंमत कोणी मोजली ते कळेल. पुढे इंधन म्हणून तेल आले, फावडी थांबली, आणि ती नोकरीही गेली.

प्रवाशांना वाफेने तारीख दिली. टपालबोट अमुक दिवशी सुटेल आणि अमुक दिवशी पोहोचेल, या भरवशावर शिक्षण, वकिली, व्यापार, राजकारण यांचे बेत आखता येऊ लागले. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेला निघाल्या त्या बोटीनेच, समुद्रगमनाला धर्मबाह्य मानणाऱ्या समाजाचा रोष पत्करून. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर उतरलेल्या प्रवाशांसाठी धक्क्यालगत रेल्वे स्थानक होते. 5 एप्रिल 1919 रोजी सिंदिया जहाज कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली, तेव्हा सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परकी कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान दिले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. एअर इंडियाची मुंबई-लंडन सेवा जून 1948 मध्ये सुरू झाली. जेट विमाने आल्यावर दूरच्या प्रवासी बोटींचा काळ झपाट्याने सरला.

मालाच्या बाबतीत निर्णायक ठरली एक साधी पेटी. ट्रकच्या धंद्यातले माल्कम मॅक्लीन यांनी 26 एप्रिल 1956 रोजी ‘आयडियल एक्स’वर 58 कंटेनर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. सुटा माल चढवायला टनाला 6 डॉलरच्या आसपास खर्च येई. तो 16 सेंटांवर आला. बोट बंदरात कित्येक दिवस अडकायची, ती आता काही तासांत मोकळी होऊ लागली. शहराच्या मधोमध असलेल्या गोद्यांचे महत्त्व घटले, पाठीशी विस्तीर्ण जागा असलेली बंदरे वाढली. 1989 मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा हे त्याचेच अपत्य, आणि गोदी कामगारांच्या वस्त्यांचे बदललेले जीवन ही त्याची दुसरी बाजू. आज मिथेनॉलवर चालणारी जहाजे येत आहेत. मिथेनॉलला तेलाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणजे आपला मूळ प्रश्न नव्या अभियंत्यांच्या टेबलावर पुन्हा आलेला आहे.

कोकणाचा भाग मी सावकाश वाचायला सांगेन. मुंबई-पणजी मार्गावरची आगबोट बऱ्याच बंदरांत खोल पाण्यात नांगर टाकी आणि माणसे, ट्रंका, आंब्यांच्या पेट्या पडावातून ये-जा करत. म्हणजे इंजिन विसाव्या शतकाचे, आणि शेवटचा टप्पा वल्ह्यांचा. पावसाळ्यात ही सेवा बंद राही. मुंबईजवळच्या रेवसची फेरी मात्र पावसाळ्यातही चाले; 17 जुलै 1947 रोजी तिकडे जाणारी ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. सुरक्षेचे तंत्र सर्वांपर्यंत सारखे पोहोचत नाही, हे त्या दुर्घटनेतून शिकावे लागते. तरीही अनेक कुटुंबांसाठी मुंबई आणि गाव यांना जोडणारा धागा कोकणची आगबोटच होती.

वाचनाला बसताना शेजारी नकाशा ठेवा आणि प्रत्येक जहाजाविषयी तीन गोष्टी टिपा : इंधन कोणते, ते कोठे भरले जाई, आणि बंदरात किती दिवस जात. जहाजांची नोंद ठेवणाऱ्या लॉइड्स रजिस्टरच्या जुन्या खंडांत जहाज कोठे बांधले, इंजिन कोणते, टनभार किती हे वर्षागणिक छापलेले आहे. तुमच्या घरात आजोबा-पणजोबांचे खलाशी नोकरीचे पुस्तक असेल, तर त्यातली जहाजांची नावे आणि तारखा उतरवून घ्या आणि त्या खंडांत शोधा. घरातली सगळ्यांत वडील मंडळी अजून बोलती आहेत तोवर त्यांनाही विचारा : कोणत्या बंदरात चढलात, पडावाचे भाडे कोण देई, डेकवर रात्र कशी काढली. या क्षेत्रात अशा माहितीची मोठी गरज आहे, आणि ती देणारा वाचक त्याच दिवशी अभ्यासक होतो.