बुलढाणा लोकसभा मतदारसंघ : ‘सुरक्षित’ जागेचा निवडणूक-इतिहास

विदर्भाच्या पश्चिम सीमेवरील बुलढाणा हा मतदारसंघ प्रथम काँग्रेसचा व पुढे शिवसेनेचा बालेकिल्ला म्हणून ओळखला गेला. ही सुरक्षितता कशावर उभी होती, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१९५७ पासून शिवराम रंगो राणे आणि १९७१ मध्ये यादव शिवराम महाजन हे काँग्रेसचे उमेदवार येथून निवडून आले. १९७७ मध्ये मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला व आणीबाणीनंतरच्या त्याच निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे दौलत गुणाजी गवई विजयी झाले. १९८० मध्ये बाळकृष्ण वासनिक यांनी ही जागा काँग्रेसकडे परत आणली. १९८४ मध्ये त्यांचे पुत्र मुकुल वासनिक वयाच्या पंचविसाव्या वर्षी खासदार झाले.

त्यानंतर मात्र मतदारांनी प्रत्येक वेळी पक्ष बदलला. १९८९ मध्ये भाजपचे सुखदेव काळे, १९९१ मध्ये वासनिक, १९९६ मध्ये शिवसेनेचे आनंदराव अडसूळ, १९९८ मध्ये पुन्हा वासनिक आणि १९९९ मध्ये पुन्हा अडसूळ, असा हा क्रम होता. १९९८ मध्ये राज्यात काँग्रेस व रिपब्लिकन गट एकत्र होते. १९९९ मध्ये काँग्रेस दुभंगली. विरोधकांतील ऐक्य वा फूट येथे निर्णायक ठरत असल्याचे यावरून सूचित होते. २००४ मध्ये अडसूळ यांनी जागा राखली.

२००८ च्या पुनर्रचनेने लोकसभेची जागा खुली झाली, तर मेहकर विधानसभा मतदारसंघ राखीव झाला. मेहकरचे आमदार प्रतापराव जाधव लोकसभेकडे वळले. वासनिक रामटेकला, तर अडसूळ अमरावतीला गेले. जाधव यांचे मताधिक्य २००९ मध्ये २८,०७८, २०१४ मध्ये १,५९,५७९, तर २०१९ मध्ये १,३३,२८७ होते. शिवसेनेतील फुटीनंतर २०२४ मध्ये ते शिंदे गटातर्फे चौथ्यांदा विजयी झाले. परंतु मताधिक्य २९,४७९ वर आले. त्यांना सुमारे ३ लाख ५० हजार मते मिळाली. ठाकरे गटाचे नरेंद्र खेडेकर व शेतकरी प्रश्नांवर लढणारे अपक्ष रविकांत तुपकर यांची एकत्रित मते मात्र ५ लाख ७० हजारांच्या घरात होती.

सारांश, बुलढाण्याची सुरक्षितता ही मतदारांच्या पक्षनिष्ठेइतकीच आरक्षणाची रचना, आघाड्यांचे गणित आणि मतविभागणी यांची निष्पत्ती आहे. केवळ विजयांच्या संख्येवरून एखाद्या मतदारसंघास ‘बालेकिल्ला’ म्हटल्यास पराभूत उमेदवारांमागे उभा असलेला बहुसंख्य मतदार अभ्यासातून निसटतो.