सातशे रुपयांची सायकल कामगाराच्या दारात कशी आली?

१/१६
सायकल म्हणजे गरिबाचे वाहन, हे समीकरण आज स्वयंसिद्ध वाटते. भारतात ती प्रथम आली तेव्हा मात्र साहेब, संस्थानिक आणि हौशी श्रीमंतांचीच ती मिरास होती. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत तीच सायकल कारकून, फिटर, पोस्टमन आणि दूधवाल्याला कामावर वेळेत पोहोचवू लागली. हे स्थित्यंतर कसे घडले, त्याचा हा थ्रेड.

२/१६
१८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांचे लाकडी यंत्र बनवले. त्याला पायडल नव्हते. जमिनीवर पाय रेटतच ते चालवावे लागे. आजच्या सायकलीचा खरा पूर्वज अवतरला तो १८८५ साली, इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे. जॉन केम्प स्टार्ली याच्या ‘रोव्हर’ सायकलीची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि मागचे चाक साखळीने फिरे. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला आणि सायकलस्वाराची हाडे वाचली.

३/१६
नेमक्या त्याच वर्षी, म्हणजे १८८८ साली, बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकत. नांगर, पंप आणि इंजिने घडवणाऱ्या उद्योगसमूहाचा आरंभ असा दोन चाकांवर झाला.

४/१६
किर्लोस्कर घराण्याच्या आठवणींनुसार एका सायकलीची किंमत ७०० ते १००० रुपये होती आणि ती चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे पडत. त्या काळी गावातल्या प्राथमिक शिक्षकाला महिन्याकाठी जेमतेम दहा-पंधरा रुपये मिळत. म्हणजे नुसते शिकायचे म्हटले तरी महिन्याचा पगार खर्ची पडणार, आणि विकत घ्यायची तर चार-पाच वर्षांचा!

५/१६
विसाव्या शतकात नॉटिंगहॅमची रॅली, बर्मिंगहॅमची बीएसए आणि हर्क्युलस या कारखान्यांनी प्रचंड प्रमाणावर उत्पादन सुरू केले. भाव झपाट्याने उतरले. सरकारी खाती आणि पेढ्यांमधला मध्यमवर्ग सायकल घेऊ लागला. तरी माल परदेशीच होता. सुटा भाग मोडला तर बोटीची वाट पाहावी लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत वरळी येथे ‘हिंद सायकल्स’सारखे देशी कारखाने उभे राहिले, पण मागणीच्या मानाने ते अपुरे होते.

६/१६
स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि देशी उत्पादनाला वाव मिळाला. १९४९ मध्ये मद्रासजवळ टीआय सायकल्स, बंगालात आसनसोलजवळ सेन-रॅली आणि १९५१ मध्ये सोनिपतला अॅटलास असे कारखाने निघाले. १९५०-५१ मध्ये देशात वर्षाला सुमारे १ लाख सायकली तयार होत. १९६०-६१ मध्ये हा आकडा १० लाखांच्या वर गेला. अवघ्या दहा वर्षांत दहापट!

७/१६
या कथेतला सर्वांत रंजक अध्याय लुधियानाचा. आजच्या पाकिस्तानातील कमालिया गावचे मुंजाल बंधू सुट्या भागांचा व्यापार करत तेथे स्थिरावले. १९५६ मध्ये त्यांनी ‘हीरो’ सायकल सुरू केली; पहिल्या वर्षी केवळ ६३९ सायकली तयार झाल्या. १९८६ साली याच कंपनीची जगातील सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. भोवतालचे असंख्य छोटे कारखाने एकेक भाग घडवत: कोणी पायडल, कोणी फ्रीव्हील, कोणी हँडल. किंमत खाली आणण्यात या विभागणीचा मोठा वाटा होता.

८/१६
आता त्या सायकलीकडेच पाहू. आजोबांची ‘चोवीस इंची’ काळी सायकल म्हणजे मूळचा इंग्रजी ‘रोडस्टर’. २८ इंची चाके खड्ड्यांतून सहज पार होत. ब्रेक तारेचे नसून लोखंडी सळ्यांचे असत; ते गावच्या लोहारालाही वाकवून सरळ करता येत. गिअर नाही, म्हणून बिघडायला फारसे काही नाही. वजन मात्र वीस किलोच्या आसपास, आणि पावसात रिम ओली झाली की ब्रेक लागता लागत नसे.

९/१६
कामावर जाणाऱ्याच्या सायकलीचा साज ठरलेला असे. चिखल उडू नये म्हणून मडगार्ड, धोतर किंवा पँट अडकू नये म्हणून पूर्ण चेनकव्हर, डबा आणि पिशवीसाठी कॅरिअर, स्टँड, घंटी, कुलूप आणि रात्रपाळीसाठी डायनॅमोचा दिवा. यातली एकही वस्तू हौसेची नव्हती. प्रत्येकीमागे कामाच्या वाटेवरची एकेक अडचण उभी होती.

१०/१६
पण केवळ कारखान्यातली किंमत उतरल्याने सायकल स्वस्त होत नाही. तिला खरे स्वस्त केले ते कोपऱ्यावरच्या दुकानाने. तेथे ताशी भाड्याने सायकल मिळे, पंक्चर निघे, चाकाचा ‘आऊट’ काढला जाई आणि वर्षाकाठी ‘ओव्हरऑईलिंग’ होई. जुनी फ्रेम, दुसऱ्याच सायकलीची चाके आणि तिसरीचे सीट जोडून उभी केलेली सायकल नवीपेक्षा किती तरी कमी पैशांत मिळे. ज्याच्याकडे विकत घ्यायला पैसे नसत, त्यालाही तासापुरते चाक परवडे.

११/१६
वाहन सामान्यांचे झाले म्हणून शासनाची नजर चुकली नाही. नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत आणि पावती म्हणून धातूचा ‘बिल्ला’ देत. बिल्ला नाही, रात्री दिवा नाही किंवा मागे ‘डबलसीट’ कोणी बसले आहे, या तिन्ही गुन्ह्यांसाठी पोलिस अडवत. चौक जवळ आला की मागच्याने टुणकन उतरून चालू लागायचे, हा त्या काळचा सार्वत्रिक शिरस्ता होता.

१२/१६
पुण्याला ‘सायकलींचे शहर’ हे बिरुद मिळाले ते याच काळात. पेठा एकमेकींना लागून, बराचसा भाग सपाट, आणि शाळा, कचेऱ्या, मंडई सारे काही कोसांच्या आत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. स्वातंत्र्याच्या आगेमागे खडकी-पिंपरीच्या पट्ट्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स असे नवे कारखाने आले. सायकल असलेल्या कामगाराला कारखान्याच्या दाराशीच खोली घेण्याची सक्ती उरली नाही. पेठेतल्या जुन्या घरात राहूनही दूरची नोकरी धरता येऊ लागली.

१३/१६
या स्वातंत्र्याला मर्यादाही होती. उंच फ्रेम आणि आडवी दांडी पुरुषाच्या मापाने बेतलेली. मुले दांडीखालून पाय घालून ‘हाफ पायडल’ मारत शिकत. नऊवारीतल्या बाईला तीही सोय नव्हती. दांडी नसलेली ‘लेडीज सायकल’ आली, तेव्हा पुण्यातल्या मुली सायकलवरून महाविद्यालयात जाऊ लागल्या. मोलमजुरी करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया मात्र पायीच चालत राहिल्या.

१४/१६
मग चित्र पालटले, आणि त्यातही पुण्याचा वाटा मोठा. १९७२ मध्ये कायनेटिकची ‘लूना’ आली. हिला पायडलही होते आणि इंजिनही, जणू सायकलस्वारासाठी घातलेली पायरीच! त्याच वर्षी बजाजची ‘चेतक’ आली आणि स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे रांगेत थांबले. १९८५ मध्ये हीरो होंडाची ‘सीडी १००’ रस्त्यावर उतरली. ज्या मुंजाल घराण्याने देशाला सायकलवर बसवले, त्यानेच त्याला सायकलवरून उतरवले.

१५/१६
तरी सायकल संपली नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, आणि शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामगारांपैकी सुमारे १३ टक्के सायकलनेच कामावर जात. बदलली ती तिची प्रतिष्ठा. रस्ते रुंद झाले, उड्डाणपूल आले, पण त्यांच्या आराखड्यात सायकलस्वार क्वचितच होता. भाड्याची दुकाने मिटली आणि दुरुस्तीवाला पुढच्या चौकात, मग त्याच्याही पुढच्या चौकात गेला.

१६/१६
२०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला. ३ जून २०२० रोजी, नेमक्या त्याच दिवशी, अॅटलासच्या साहिबाबाद कारखान्याच्या दारावर काम थांबल्याची नोटीस लागली. त्याआधीच्या दोन महिन्यांत टाळेबंदीत अडकलेल्या असंख्य मजुरांनी उरलीसुरली पुंजी मोडून जुन्या सायकली घेतल्या होत्या आणि शेकडो किलोमीटर तुडवत आपापली गावे गाठली होती. रेल्वे बंद, बस बंद. अशा वेळी ज्याच्या हाती काहीच नव्हते, त्याला परवडणारे वाहन तेव्हाही सायकलच होते.